भूकंपाला पाठराखीण

आमच्या घरात काही चांगलं घडलं की दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या, आबांचं भाषण आणि आईचे घारगे. कुणाचं बारसं असो, शाळेचा निकाल असो, नाहीतर घरात पहिला रॉकेलचा स्टोव्ह आला तो दिवस असो, आबा अंगणात उभे राहायचे, धोतराचा सोगा सावरायचे आणि "बंधू-भगिनींनो" म्हणून सुरुवात करायचे. बंधू-भगिनी म्हणजे आमच्या बौद्धवाडीतली दहा-बारा घरं, आणि त्यातली निम्मी माणसं घारग्यांच्या वासाने आलेली. लाल भोपळा गुळात शिजवून तांदळाच्या पिठात मळायचा, केळीच्या पानावर थापायचा आणि कढईत सोडायचा. तो वास रस्त्यापर्यंत जायचा. भाषण संपल्याशिवाय टोपलीवरचं फडकं उचलायचं नाही असा आबांचा दंडक होता. भाषण फारच लांबलं की आई आतून झारा कढईवर आपटायची. स्टोव्हच्या दिवशी तर आबांनी माणसाने विस्तव कसा शोधला तिथपासून सुरुवात केली होती, आणि घारगे पार गार झाले होते. पण आम्ही कुरकुर केली नाही. आपल्या घरातल्या एवढ्याशा गोष्टीवर कुणीतरी उभं राहून बोलतं आहे, याचं आम्हाला फार अप्रूप वाटायचं.

आमचं गाव मुरबाडहून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, टोकावड्याच्या अलीकडे. आबा त्या रस्त्यावर मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याचा नेमून दिलेला तुकडा सांभाळणारा माणूस. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, पावसाळ्यात आडवं पडलेलं झाड बाजूला करायचं. फावडं, घमेलं आणि लाल झेंडी एवढं सरकारने दिलेलं, आणि त्यातल्या झेंडीवर आबांचा भारी जीव. "साहेबाची मोटर असूंदे नायतर मंत्र्याची, ही दावली का थांबायलाच लागते," असं ते पाहुण्यांना सांगायचे. रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची दोन-तीन भातखाचरं आणि वरच्या अंगाला घर. घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांना शेणमातीने लिंपलेलं. आत शिरलं की समोर दोन तसबिरी. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा मी नुकती चालायला लागले होते, त्यामुळे जुने देव मला आठवतच नाहीत. आईला ते सगळे आठवत होते. आबांनी देव्हारा उचलून नदीला दिला त्या दिवशी ती काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं आबांनी धरून चाललं. पुष्कळ नवरे संसारात हे असंच धरून चालतात.

माझी थोरली बहीण सुलोचना, आम्ही तिला ताई म्हणायचो. मुरबाडला मॅट्रिक झाली आणि ठाण्याच्या एका मोठ्या इस्पितळात नर्सचं शिक्षण घ्यायला गेली. शिक्षण संपवून नोकरीला लागल्यावर ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा साध्या पातळात आली होती. आईने तिला दारातच विचारलं, "कापडं कुठं हायत तुझी? ती पांढरी?" ताई म्हणाली, ट्रंकेत आहेत, इथे कशाला. आईने ट्रंक उघडायला लावली, पांढरा पोशाख, टोपी, पायात बूट असं सगळं चढवायला लावलं आणि म्हणाली, "आता जा, नदीवं फेरी मारून ये." नदीची वाट गावातून जाते हे काही आई विसरली नव्हती. ताई लाजून लाल झाली, पण गेली. मी तिच्या मागे कळशी घेऊन. पाटलांच्या ओटीवरून पाटलीणबाईंनी हाक मारली, त्यांना चार दिवस ताप होता. ताई ओटीवर चढली, त्यांचा हात हातात घेतला आणि नाडी पाहिली. ज्या ओटीला आमच्या आईने जन्मात हात लावला नव्हता तिथे ताई बूट घालून उभी होती. त्या संध्याकाळी आबांचं भाषण जे झालं त्याला तोड नव्हती, आणि आईने कढईवर एकदाही झारा आपटला नाही.

ताईचं लग्न ठरलं ते आटगावजवळच्या एका गावात. नवरदेव प्रभाकर, कल्याणच्या कारखान्यात फिटर, स्वभावाने गरीब. त्याच्या वडिलांना सगळे तात्या म्हणायचे आणि ते आबांच्याच वळणाचे होते. ठरवाठरवीच्या दिवशी दोघांनी चहाच्या कपावर एकमेकांना शब्द दिला की लग्न धम्माच्या रीतीने होईल, मुहूर्त नाही, भटजी नाही आणि हळद तर मुळीच नाही. रविवारची सुट्टी सगळ्यांना सोयीची, म्हणून रविवार. भात झोडून झालं होतं, कणग्या भरल्या होत्या. आमच्या ओटीवर आठवडाभर जातं गरगरत होतं, कारण लग्नात वडे हवेत आणि वड्यांना पीठ घरचं हवं, यावर आई अडून बसली होती. वाडीतल्या बाया आळीपाळीने दळायला बसायच्या. जात्यावर त्या गायच्या त्या चाली जुन्याच असत. देवांची नावं तेवढी काढून नवी घातलेली. एखादी म्हातारी मध्येच चुकून जुनं नाव घ्यायची, मग सगळ्या खुसखुसायच्या आणि आबा बाहेरून खाकरायचे.

लग्नाच्या आदल्या सोमवारी, उजाडायच्या आधी, घर हललं. मी जागी झाले ती भांड्यांच्या आवाजाने. फळीवरचे पितळेचे पेले एकमेकांवर वाजत होते, दावणीचा बैल उभा राहिला होता आणि कुडाच्या भिंतीतून कुरकुर असा आवाज येत होता. आबा उठले, झेंडी शोधली आणि बाहेर धावले. त्यांना वाटलं रस्त्यावरून काहीतरी फार जड चाललंय आणि त्यांचा रस्ता खचणार. रस्त्यावर कुणीच नव्हतं. दुपारी मास्तरांच्या रेडिओवरून कळलं की तिकडे खाली साताऱ्याकडे, कोयनेच्या बाजूला, भूकंप झाला आणि गावंच्या गावं झोपेत दगडाखाली गेली. दुसऱ्या दिवशी टोकावड्याच्या हॉटेलातून आबांनी पेपर आणला आणि अंगणात मोठ्याने वाचला. दगडी घरांतली माणसं जास्त गेली, असं त्यात होतं. आबा वाचता वाचता थांबले आणि आमच्या कुडाच्या भिंतीकडे बघत राहिले. दगडाचं घर बांधायचं हे त्यांचं फार वर्षांचं मनात होतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग आता त्यांना रांधून कोन घालतो?" गावात कुणाकडे मयत झालं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे भाकरी नेऊन देतात. सगळे शेजारीच गेले असतील तर काय करतात, हे काही पेपरात दिलं नव्हतं.

आता माझ्या हातातला फोन मला सकाळी चहाच्या आधीच सांगतो की कुठे दरड कोसळली, कुठे पूल पडला, कुठे शाळेवर बॉम्ब टाकला. परवा नातवाचा वाढदिवस होता. केक कापतानाचा फोटो मी सगळ्यांना पाठवला, आणि त्याच्याच खाली कुणीतरी ढिगाऱ्यातून काढलेल्या पोराचा फोटो पाठवलेला. दोन्ही पोरं एकाच वयाची. मी फोन पालथा ठेवला आणि केक खाल्ला. दुसरं काय करणार? आमच्या सुनबाई म्हणतात, आई, तुम्ही बघूच नका. तेही खरंच आहे. पण बघितल्यावर काय करायचं याची एक रीत मी आईकडे पाहिली होती, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

शुक्रवारी आबा बाजाराला मुरबाडला गेले. त्यांची पाठ वळली आणि एसटीची धूळ खाली बसली, तशी आईने पाटा धुतला, कुठूनतरी हळकुंडं काढली आणि वाडीतल्या चार बायांना मागच्या दाराने आत घेतलं. ताई म्हणत होती, "आये, आबांना कळला तर?" आई म्हणाली, "तुझ्या आबांना भाषनातून खाली बघायला येळ कधी हाय?" ताईला पाटावर बसवलं, हातापायांना हळद लावली, चेहरा आणि पंजे तेवढे मुद्दाम सोडले. बायांनी अगदी हळू आवाजात, जवळजवळ पुटपुटत, गाणी म्हटली. मी दारात राखण करायला उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. सगळं झाल्यावर आईने ताईला लांब बाह्यांचं पोलकं दिलं, आणि ताकीद दिली की हळद लागलेल्या नवरीने आता लग्न लागेपर्यंत वेशीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. वारं बाधतं, नजर लागते, काहीही होतं. हे तिच्या आईने तिला सांगितलं होतं आणि दीक्षेच्या वेळी याविषयी कुणी काही बोललं नव्हतं.

तेवढ्यात फिलोमिना आली. ही ताईची इस्पितळातली मैत्रीण, वसईकडची, लग्नाला यायचीच होती. दोन दिवस आधीच आलेली पाहून ताईला आनंद झाला. पण तिने ओटीवर बसायच्या आधीच हातातलं बासन ताईला दिलं. "हे तुझ्या लग्नाचं. मला रविवारी यायला नाय जमणार गो. उद्या सकाळी आमची दुसरी तुकडी कोयनेला निघते. पहिली गेली ती पुरत नाय तिकडे. मी सांजच्या गाडीने परत जाते." तिने ताईला चल म्हटलं नाही. मेट्रनबाईंनी मुद्दाम सांगितलं होतं म्हणे, जिचं लग्न आहे तिला विचारू नका. ताईने फक्त विचारलं, "किती जणी चालल्यात?" फिलोमिना म्हणाली, "हव्यात त्याच्या निम्म्यापण नाय." ताईने ते बासन बाजूला ठेवलं. मग उठली आणि ट्रंकेतून पांढरे कपडे काढायला लागली.

आई तिच्या आडवी झाली. "नाय म्हंजे नाय." ताई समजावत होती, लग्न काय, पुढच्या रविवारी नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारी, मुहूर्त थोडाच काढलाय. आई एकच शब्द धरून बसली होती. एवढ्यात वरच्या गाडीने आबा बाजार घेऊन उतरले. त्यांनी फिलोमिनाकडून सगळं ऐकलं, डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि ताईकडे पाहिलं. मला वाटलं आता भाषण होणार. पण ते म्हणाले, "पोरी, शब्द दिलाय तात्यांना. ते काय म्हनतील मला ठाव नाय. लगीन मोडूपन शकतं. पन तुला जायाचं आसंल तर मी अडवनार नाय." मग आईकडे वळून म्हणाले, "तू कशाला अडवतंस?" आईने खाली बघितलं. चुलीवर भात रटरटत होता, तो तिने उगाच ढवळला. शेवटी ती म्हणाली, "तिला हळद लागलेय."

आबांनी ताईचा हात धरून पोलक्याची बाही वर सरकवली. कोपरापर्यंत पिवळा हात. सगळ्या तालुक्याला सांगत फिरलेला माणूस, की माझ्या घरी हळद लागणार नाही! त्यांचा चेहरा असा झाला होता की मी फिलोमिनाच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी कोपऱ्यातलं फावडं आणि झेंडी घेतली आणि तरातरा रस्त्याकडे गेले. रागावले की ते रस्त्यावर जायचे, एखादा नसलेला खड्डाही बुजवून यायचे. इकडे ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आई मात्र एकदम उठून कामाला लागली. आपली दोन लुगडी काढली, मिसरीची डबी घेतली, वड्यांच्या पिठातलं दोन-तीन शेर पीठ फडक्यात बांधलं. मला वाटलं ही आता आबांवर रुसून माहेरी निघाली. ताईने विचारलं, "आये, तू कुठं?"

"तुझ्यासंगती," आई म्हणाली. "हळद लागलेली पोर एकटी जात नाय. सासरी जाताना पाठराखीन लागते, मग भूकंपाला जाताना नको?" पाठराखीण म्हणजे नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्या सोबतीला जाणारी माहेरची बाई. ती असली की नवरीला काही बाधत नाही, असं आमच्याकडे समजतात. फिलोमिनाने एकदा आईकडे, एकदा गाठोड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तिकडे रांधायला माणसं लागतातच. मेट्रनबाईंना मी सांगते." आई तोपर्यंत कल्याणच्या पुढे कधी गेली नव्हती. कल्याणलाही ती एकदाच गेली होती, दात काढायला. कोयना कुठल्या बाजूला हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

या सगळ्यात उशीर झाला होता. थांबा होता ओढ्याच्या पलीकडे आणि कल्याणची गाडी वळणावर दिसायलाही लागली होती. त्या तिघी बांधावरून धावत होत्या, मी मागे ट्रंकेची एक कडी धरून, आणि गाडी मिळत नाही हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा मी आबांना पाहिलं. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, पाय रोवून, लाल झेंडी वर धरून. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, आबा हलले नाहीत. गाडी त्यांच्यापुढे येऊन थांबली. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, "काय खचला काय पुढं?" आबा म्हणाले, "काय खचला नाय. माझी पोरगी चाललेय भूकंपाला. आनि तिची आय." गाडीतली माणसं बघायला लागली. कंडक्टरने न सांगता ट्रंक वर घेतली. आईने पायरीवर चढताना आबांकडे पाहिलं नाही, फक्त "भातावं झाकन ठेवा" एवढं म्हणाली. गाडी गेल्यावरही आबांची झेंडी बराच वेळ वरच होती.

दुसऱ्या दिवशी मी आणि आबा तात्यांकडे गेलो. सरळगावला उतरायचं, तिथून किन्हवलीवरून शहापूरची गाडी, आणि पुढे आटगाव. वाटेत आबांचे ओठ हलत होते. माणुसकी, करुणा, सेवा, सगळे मोठमोठे शब्द ते जमवत होते. तात्या नाही म्हणाले तर, याचाच मी सारखा विचार करत होते. लग्न मोडलेली मुलगी पुन्हा उजवणं किती कठीण हे बारा वर्षांच्या मुलीलाही कळतं, आणि त्यात ती लग्नाला दोन दिवस असताना घरातून निघून गेली, असं म्हणायला लोक मोकळे. तात्यांच्या अंगणात मांडव सजला होता. आम्हाला पाहून ते हसत पुढे आले, आणि आबांचं पहिलं वाक्य ऐकल्यावर त्यांचं हसू गेलं.

आबांनी भाषण केलं. मी त्यांची खूप भाषणं ऐकली होती, पण हे सगळ्यात चांगलं होतं. तात्या मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ह्या सगळ्या गोष्टी बरोबर हायत, पाव्हणं. मीच दुसऱ्याला सांगतो त्या. पन उद्या लगीन नि आज नवरी साताऱ्याला? मी भावकीला काय सांगू? आज गेली, उद्या आमच्या घरात आल्याव पन जाईल." आबा पुन्हा बोलायला लागले, पण मघाचाच शब्द परत आला आणि ते थांबले. प्रभाकर कुठे दिसत नव्हता. मांडवातल्या चार माणसांनी माना फिरवल्या. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, ते मला अजून दिसतं.

मग आतल्या दारातून प्रभाकरच्या आईचा आवाज आला. "पोरगी एकटीच गेली?"

"नाय," आबा म्हणाले. "तिची आय गेलेय संगती."

"हळद लागल्यावं?"

आबांनी तात्यांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "लागल्यावं," ते म्हणाले. हे कबूल करताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

त्या बाई बाहेर आल्या. हात पदराखाली होते, ते त्यांनी पुढे केले. दोन्ही तळवे पिवळेजर्द. "आमच्या पोरालापन लागलेय सकाळीच. म्हनून तो बाहेर येत नाय. यांना सांगू नका," असं म्हणून त्यांनी तात्यांकडे बोट केलं, आणि तात्या तर तिथेच उभे. चहाच्या कपावर शब्द देणारे दोन पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. त्या बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या मला जवळ घेऊन आबांना म्हणाल्या, "आय पाठराखीन गेली म्हंजे लगीन सुरूच हाय की, दादा. नवरी घरून निघालेय, वाट जरा लांबची पडली. येईल तवा येईल." आतून प्रभाकर म्हणाला, "आये, पन मंग मी कामाला कसा जाऊ असा?" आणि सगळ्यात आधी तात्याच हसले. आबांच्या करुणेने आणि सेवेने जे झालं नव्हतं ते आईच्या दोन लुगड्यांच्या गाठोड्याने केलं. परतीच्या गाडीत आबा मला म्हणाले, "कमल, तुझी आय मोठी बाई हाय गो." आई-आबांच्या चाळीस वर्षांच्या संसारात मी हे वाक्य त्यांच्या तोंडून दोनदा ऐकलं, आणि दोन्ही वेळा आई तिथे नव्हती.

त्या दोघी परतल्या तेव्हा ताईच्या हातांची हळद केव्हाच निघून गेली होती. ताई सांगायची, जखमा बांधताना बाया तिचा पिवळा हात धरून विचारायच्या, "लगीन कवा हाय?" घर गेलं, माणूस गेलं, आणि तरी विचारायच्या, आणि मग तिच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडायच्या. आई मात्र काहीच सांगेना. जात्यापाशी बायांनी खोदून विचारलं तर म्हणाली, तिकडचा भात चांगला आहे. ती तिथे तंबूंच्या मागे मोठ्या भांड्यांत रांधत होती. पुढे एकदा, घारग्यांचं पीठ मळताना, तिने मला एवढंच सांगितलं. जेवायला कुणी आलं की ती विचारायची, किती पानं? आणि माणसं सवयीने घरातली सगळी नावं घ्यायची. अमका, तमकी, धाकटं, म्हातारी. मग मध्येच थांबायची, आणि म्हणायची, नाय, एकच. एकच पान. आई म्हणाली, "बाय, नावं कानात पडली ती निघत नाय आता."

लग्न पुढच्या एका रविवारी झालं. त्रिशरण, पंचशील, हार, फुलं, सगळं आबांच्या मनासारखं. ताई पांढऱ्या साडीत होती आणि प्रभाकर तिच्याकडे बघायलाही लाजत होता. आबांचं भाषण लांबलं, तात्यांचं त्याहून लांबलं. मग पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी मांडल्या, आई वड्यांची टोपली घेऊन उभी राहिली, आणि वाढेना. आमच्या जुन्या रीतीत लग्नाच्या जेवणाआधी घरातल्या गेलेल्या माणसांना नावाने हाक मारून बोलवायचे, त्यांचं पान मांडायचे. दीक्षेनंतर आबांनी ते बंद केलं होतं आणि आईने त्यानंतर कधी कुणाला बोलावलं नव्हतं, तिच्या स्वतःच्या आईलासुद्धा नाही. पुरुषांच्या पंगतीसमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. टोपली कमरेवर घेऊन ती आबांना म्हणाली, "आपल्यातल्यांना मी बोलवत नाय, तुमी नको म्हनलात. पन यांना बोलवायला घरी कोन उरला नाय." आणि तिने नावं घ्यायला सुरुवात केली. रखमा. रखमाचा बाळू. सखाराम म्हातारा. गंगू आणि तिच्या दोघी पोरी. एक नुसतीच धाकटी, तिचं बारसं व्हायचं राहिलं होतं.

तात्या पानावर बसले होते ते उठून उभे राहिले. मी आबांकडे बघत होते, आता काय होतं म्हणून. ते पुढे आले, आईपाशी थांबले आणि मला म्हणाले, "कमल, पानं मांड."

मी विचारलं, "किती?"

"तुझ्या आयेला इचार," आबा म्हणाले, आणि त्यांनी तिच्या कमरेवरची टोपली आपल्या हातात घेतली. आई एकेक नाव घेत गेली, मी पान मांडत गेले, आणि आबा वाकून वाढत आले.